एक्सेलची फाईल सेव्ह व्हायला पाऊण मिनिट लागतंय, ऐन द्राक्ष सीझनात. काय करू?

द्राक्षपेटी
नमस्कार मंडळी. मी दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे एका पॅकहाऊसमध्ये अकाउंट्स आणि डिस्पॅच बघते. आमची आवक-जावकची एकच एक्सेल फाईल आहे, शेतकरी, प्लॉट नंबर, व्हरायटी, क्रेट, वजन, रिजेक्शन, पेट्या, पॅलेट, कंटेनर सगळं त्यातच. मागच्या सीझनला ती फटकन सेव्ह व्हायची. आता कंट्रोल एस दाबलं की खालच्या पट्टीवर ती रेघ सरकत सरकत जाते आणि मध्येच अडकते, वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं, स्क्रीन पांढरी पडते, तोवर गेटवर पिकअपवाला हॉर्न मारतोय, सुपरवायझर दारात उभा, ताई चलन द्या ताई चलन द्या. फाईल माझ्या नाही, अकाउंटच्या वेगळ्या पीसीवरच्या शेअर फोल्डरमध्ये आहे, सकाळी वजनकाट्यावरचा मुलगा भरतो आणि दुपारनंतर मी. माझा पीसी जुना नाहीये, एसएसडी आहे, ८ जीबी रॅम, ऑफिस २०१९. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज परत टाकावं लागेल, दोन दिवस मशीन लागेल. जानेवारी ते एप्रिल मी दोन तास मशीन देऊ शकत नाही, दोन दिवस कुठून देऊ?

तर्रीबाज
फॉरमॅट मारा, विषय संपला. तोवर मिसळ खाऊन या.

एक्सेलताई_इंदिरानगर
अजिबात फॉरमॅट मारू नका. नवीन विंडोजवर पण तीच फाईल तशीच उघडणार आणि तशीच अडकणार, फक्त मध्ये प्रिंटर आणि टॅली परत बसवण्यात दोन दिवस जातील.

सेव्ह हळू होण्याचं कारण एकतर फाईलच्या पोटात असतं नाहीतर फाईल जिथे ठेवलीय तिथपर्यंतच्या रस्त्यात. आधी ते वेगळं करा, मग पुढचं. ही फाईल कॉपी करून डेस्कटॉपवर घ्या, तिथून उघडा, एका सेलमध्ये काहीतरी लिहा आणि सेव्ह करा, मोबाईलवर सेकंद मोजा. मग एक कोरी एक्सेल फाईल घ्या, एक शब्द लिहा, ती शेअर फोल्डरमध्ये सेव्ह करा, परत मोजा. तीच कोरी डेस्कटॉपवर पण करा. एवढे आकडे इथे टाका आणि फाईलची साईझ आणि साधारण किती ओळी आहेत तेही. मॅन्युअल कॅल्क्युलेशन वगैरे काही केलंय का? करून ठेवलं असेल तर सेव्ह करण्यापूर्वी रिकॅल्क्युलेट असा एक टिक ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजखाली असतो, तो चालू असला तर प्रत्येक सेव्हला अख्खी फाईल आधी मोजली जाते.

कॉलेजरोड_अड्डा
ताई, डेस्कटॉपवर टेस्ट करायला सांगताय पण एक बघा, हल्ली बऱ्याच मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरच वनड्राईव्हच्या आत असतात, सेटअप करताना कोणीतरी बॅकअप चालू करून दिलेला असतो आणि वापरणाऱ्याला पत्ता नसतो. मग ती टेस्ट लोकल, म्हणजे आपल्याच मशीनवरची, राहतच नाही, आणि फुकटच्या ५ जीबीची जागा भरली की सिंकचं चक्र नुसतं फिरत बसतं. सी ड्राईव्हवर टेस्ट नावाचं फोल्डर करा आणि तिथे बघा.

एक्सेलताई_इंदिरानगर
बरोबर, सी ड्राईव्हवरच करा.

द्राक्षपेटी
केलं. सी ड्राईव्हवर आमची फाईल २० सेकंदाच्या आसपास, शेअरवर ४० च्या पुढे. कोरी फाईल सी ड्राईव्हवर लगेच, बोट उचलायच्या आत. पण कोरीच फाईल शेअरवर १५ सेकंद! एक शब्द आहे हो त्यात फक्त. कॅल्क्युलेशन ऑटोमॅटिकच आहे. फाईल ६ एमबी, ओळी नऊ हजारच्या आसपास.

तर्रीबाज
६ एमबी म्हणजे काहीच नाही, व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंगचा व्हिडिओ यापेक्षा मोठा असतो. नेटवर्कच असणार.

सातपूरचा_सीएनसी
नाही, दोन्ही आहे. नीट बघा, लोकलला पण २० सेकंद लागतायत, म्हणजे फाईलमध्ये काहीतरी बसलंय. आणि कोऱ्या फाईलला शेअरवर १५ लागतायत, म्हणजे रस्ता पण खराब. दोन वेगळे आजार एकाच वेळी आहेत, एक बरा केला की लोक म्हणतात फरक नाही पडला आणि सोडून देतात. एकेक घ्या.

आधी फाईल. ६ एमबीवर जाऊ नका, एक्सएलएसएक्स म्हणजे २००७ पासून जी आली ती, ती मुळात झिप फाईल आहे. आत एक्सएमएलच्या साध्या मजकुराच्या फायली असतात, प्रत्येक शीटची एक, चित्रांची वेगळी, स्टाईलची वेगळी. सेव्ह दाबलं की एक्सेल ते सगळं नव्याने लिहून काढतं आणि दाबून झिप करतं, तुम्ही एकच आकडा बदलला असला तरी. त्यामुळे बाहेरून ६ एमबी दिसतं पण आत उलगडून किती आहे त्यावर वेळ ठरतो.

बघायचं कसं, तर फाईलची कॉपी करा (कॉपीच, मूळ फाईलला हात नको), फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स टिक करा, मग त्या कॉपीचं शेवटचं एक्सएलएसएक्स खोडून तिथे झिप लिहा. विंडोज कुरकुर करेल, येस म्हणा. डबल क्लिक केलं की आत एक्सएल नावाचं फोल्डर दिसेल, त्यात वर्कशीट्स, ड्रॉइंग्ज, मीडिया अशी फोल्डरं. डिटेल्स व्ह्यूमध्ये दोन कॉलम येतात, कॉम्प्रेस्ड साईझ आणि नुसती साईझ. नुसती साईझवाला बघा आणि सगळ्यात जाड फाईल कुठली ते सांगा.

द्राक्षपेटी
अरे देवा. वर्कशीट्समध्ये सगळ्या मिळून ७-८ एमबी आहेत. पण ड्रॉइंग्जमध्ये ड्रॉइंग१ नावाची एकच फाईल आहे ती ९० एमबी दाखवतेय. आमच्या फाईलमध्ये तर एक कंपनीचा लोगो सोडला तर एकही चित्र नाहीये!

एक्सेलताई_इंदिरानगर
सापडलं. चित्रं आहेत, तुम्हाला दिसत नाहीयेत एवढंच. कुठल्या वेबसाईटवरून काही कॉपी पेस्ट करता का? यादी वगैरे?

द्राक्षपेटी
हो, एका पोर्टलवरून शेतकऱ्यांची आणि प्लॉटची यादी घेतो, टेबल सिलेक्ट करून डायरेक्ट पेस्ट. आणि वजनकाट्यावरचा मुलगा रोज सकाळी कालच्या ओळी कॉपी करून खाली पेस्ट करतो आणि त्यातले आकडे बदलतो, म्हणजे नावं परत टाईप करायला नको.

एक्सेलताई_इंदिरानगर
हेच. वेबपेजवरच्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीला बारीक आयकॉन असतात, एडिटचं पेनसिल, टिक करायचा चौकोन, कधी कधी नुसतं पारदर्शक ठिपक्याएवढं चित्र. पेस्ट करताना ते पण येतात, शून्य उंचीचे होऊन सेलच्या रेघेवर बसतात, माणसाला दिसत नाहीत. आणि एक्सेलची मूळ सेटिंग अशी असते की ओळ कॉपी केली की तिच्यावर बसलेली चित्रं पण कॉपी होतात. आज शंभर ओळी, उद्या त्यांची कॉपी, परवा कॉपीची कॉपी, त्यात एखाद्या ओळीवर चार चार आयकॉन एकावर एक बसले की पुढच्या प्रत्येक कॉपीत चारच्या चार जातात. डिसेंबरात कळतच नाही, फेब्रुवारीत फाईल बसते.

खात्री करायची तर आल्ट एफ१० दाबा, उजवीकडे सिलेक्शन पेन उघडेल, त्यात पिक्चर १, पिक्चर २ अशी यादी दिसेल. तुमच्या केसमध्ये ते पेन उघडतानाच एक्सेल झोपेल बहुतेक, घाबरू नका.

सातपूरचा_सीएनसी
काढायला दोन रस्ते. एक म्हणजे एफ५, स्पेशल, ऑब्जेक्ट्स, ओके, डिलीट. थोडे असतील तर हा झटपट. पण यात शीटवरचे चार्ट, बटणं, टेक्स्ट बॉक्स सगळं सरसकट उडतं, त्यामुळे आधी कॉपी ठेवा. आणि एवढे हजारो असतील तर सिलेक्ट व्हायलाच तास जाईल.

तुमच्यासाठी दुसरा बरा. फाईल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, तिथे कट कॉपी पेस्टच्या भागात 'कट, कॉपी अँड सॉर्ट इन्सर्टेड ऑब्जेक्ट्स विथ देअर पेरेंट सेल्स' असा टिक आहे, तो काढा. मग फक्त डेटाची रेंज सिलेक्ट करून कॉपी, नवीन कोऱ्या फाईलमध्ये पेस्ट, कॉलमची रुंदी पेस्ट स्पेशलमधून वेगळी. चित्रं मागेच राहतात. प्रत्येक शीटला असं करा. फॉर्म्युले दुसऱ्या शीटला जोडलेले असतील तर ते जुन्या फाईलकडे बोट दाखवतील, डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्समध्ये जाऊन चेंज सोर्स करून नवीन फाईल द्या. सेव्ह करून बंद करा, परत उघडून टोटल जुन्या फाईलशी ताडून बघा, त्याशिवाय जुनी हलवू नका.

अंबडचा_हार्डवेअरवाला
मध्येच बोलतो पण हे कोणीतरी लिहायलाच पाहिजे. वरच्या ताईंच्या बाबतीत तसं नाहीये कारण कोरी फाईल लोकलला लगेच सेव्ह झाली, पण हा धागा वाचून जे स्वतःच्या मशीनवर करून बघतील त्यांच्यासाठी. कोरी फाईल सुद्धा सी किंवा डी ड्राईव्हवर अडकत अडकत सेव्ह होत असेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के पण वेग मात्र एमबीत नाही केबीत दिसत असेल, तर ते ऑफिसचं दुखणं नाही, डिस्क मरायला टेकलीय. तेव्हा डीफ्रॅग नका करू, स्कॅन नका चालवू, विंडोज तर मुळीच टाकू नका. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ बघा, पिवळा कॉशन असेल, रीअॅलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर डिस्क बदला. माझ्याकडे दर मार्चला एक तरी टॅक्सवाला येतो, एक्सेल स्लो आहे म्हणून, आणि हातात टकटक वाजणारी हार्ड डिस्क.

गंगापूररोड_मास्तर
मी निवृत्त शिक्षक. एक्सेलमधलं मला कळत नाही पण माझा प्रश्न जवळचाच वाटला म्हणून विचारतो, रागावू नये. आमच्या गावच्या यात्रेची स्मरणिका मी वर्डमध्ये करतोय, जुने फोटो, लोकांचे लेख, देणगीदारांची यादी. १८० पानं झाली. आता प्रत्येक सेव्हला चहा येऊन गार होतो. फोटो मी कापून छोटेच केलेत तरी.

एक्सेलताई_इंदिरानगर
काका, रागावू कशाला. फोटो कापला म्हणजे वर्डमध्ये तो फक्त झाकला जातो, कापलेला भाग फाईलमध्ये तसाच असतो. आणि कोपरा धरून छोटा केला तरी मूळ फोटो पूर्ण मापाचाच आत राहतो. मोबाईलचा एक फोटो ३-४ एमबी धरा, तुमचे किती आहेत बघा. आधी फाईलची एक कॉपी ठेवा. मग कुठल्याही फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅट येईल, त्यात कॉम्प्रेस पिक्चर्स. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'चा टिक काढा म्हणजे सगळ्यांना लागू होईल, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'चा टिक ठेवा, आणि छापायला द्यायचंय म्हणून २२० पीपीआय किंवा असेल तर ३३० निवडा. १५० आणि ९६ स्क्रीनसाठी ठीक, कागदावर फोटो फाटलेले दिसतील.

फोटोंच्या मूळ फायली मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, प्रेसवाला मागतोच.

शालिमार_डीटीपी
प्रेसवाल्याच्या बाजूने बोलतो. काका, १८० पानांची स्मरणिका वर्डमध्ये शेवटपर्यंत नेऊ नका. लेख वर्डमध्ये, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये नंबर घालून, पानं आम्ही लावतो. फोटो वर्डमध्ये घालून दिले की आम्हाला परत बाहेर काढावे लागतात आणि तोवर त्यांचा जीव गेलेला असतो.

गंगापूररोड_मास्तर
फोटो दाबल्यावर पुष्कळ फरक पडला, धन्यवाद ताई. डीटीपीवाले दादा, तुमचं म्हणणं पटलं, पण समितीला पानं लावलेली बघायची असतात त्याशिवाय देणगीदार पैसे देत नाहीत. अजून एक, सेव्ह करताना आणि फाईल उघडताना सुरुवातीला तो थोडा थांबतोच.

अंबडचा_हार्डवेअरवाला
काका तुमचा डीफॉल्ट प्रिंटर कुठला आहे? वर्ड आणि एक्सेल पानाची मांडणी प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून करतात. जो प्रिंटर आता घरात नाहीच, किंवा दुसरीकडच्या नेटवर्कवरचा आहे, तोच डीफॉल्ट असेल तर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतात. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्समध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ डीफॉल्ट करून बघा.

गंगापूररोड_मास्तर
सोसायटीच्या ऑफिसातला होता! मी सेक्रेटरी होतो तेव्हाचा. बदलला. आता थांबत नाही.

कोर्टाजवळचा_टायपिस्ट
मी लिब्रेऑफिस वापरतो, सीबीएस बसस्टँडला कोर्टाच्या समोर बसतो. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. सगळ्या वकिलांना वर्डचं डॉक्सच (.docx) लागतं म्हणून डॉक्समध्येच सेव्ह करतो. लांब दाव्याला सेव्ह करताना अडकतं आणि मधूनच, मी काही दाबलेलं नसताना पण, दोन-चार सेकंद टायपिंग गोठतं. युनिकोडमध्ये मराठी टाईप करतो म्हणून फाईल जड होते का? जुन्या फॉन्टमध्ये नव्हतं असं.

लिब्रे_नाशिकरोड
युनिकोडचा दोष नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) ३ बाईट घेतं, इंग्रजीचं १, हे खरं. पण हिशोब करा, पानावर दोन हजार चिन्हं धरली तरी शंभर पानांचे २ लाख, म्हणजे ६ लाख बाईट, पुरता एक एमबी पण नाही, आणि झिप झाल्यावर तर त्याचा थोडाच भाग उरतो. दाव्याला जोडलेला सातबाऱ्याचा एक स्कॅन त्याच्यापेक्षा जड.

तुमचा प्रॉब्लेम रूपांतराचा आहे. लिब्रेऑफिसची स्वतःची भाषा ओडीटी, डॉक्समध्ये सेव्ह करायचं म्हणजे दर वेळी अख्खा मजकूर, टेबलं, नंबरिंग सगळं दुसऱ्या मांडणीत उतरवायचं. काम चालू असताना ओडीटीत ठेवा, वकिलांना पाठवायच्या वेळी सेव्ह अॅज करून डॉक्स द्या. ओडीटी हे काही कोपऱ्यातलं फॉरमॅट नाही, २००६ मध्ये आयएसओ मानक झालंय, डॉक्सच्या कुटुंबाचं २००८ ला झालं.

मधूनच गोठतं ती ऑटोरिकव्हरी. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल. मुळात दर १० मिनिटांनी सेट असते. २० करा, पण बंद करू नका, आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. तिथेच 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' टिक असेल तर दर सेव्हला आधीची फाईल पण कॉपी होते, तेवढा वेळ जास्त. आणि एडिटमध्ये ट्रॅक चेंजेस चालू राहिलंय का बघा, वकील दुरुस्त्या करून पाठवतात आणि ते चालूच राहतं, मग खोडलेलं प्रत्येक वाक्य फाईलमध्ये जिवंत असतं.

कोर्टाजवळचा_टायपिस्ट
ट्रॅक चेंजेस चालूच होतं दादा. आणि खोडलेली वाक्यं दिसली ती वाचून हसू आलं, समोरच्या पार्टीला गेली असती तर पंचाईत होती. स्वीकारून टाकली सगळी. ओडीटी आजपासून करतो.

द्राक्षपेटी
रिपोर्ट देते. नवीन फाईल केली, लोडिंग संपल्यावर रात्री बसून. साईझ ९०० केबी झाली! टोटल जुन्या फाईलशी जुळली, क्रेट, वजन, रिजेक्शन तिन्ही. सी ड्राईव्हवर सेव्ह एका सेकंदात. पण शेअरवर अजून १५-१६ सेकंद. कधी १०, कधी २०.

तर्रीबाज
अँटीव्हायरस काढून टाका. डोळे झाकून सांगतो.

अंबडचा_हार्डवेअरवाला
डोळे उघडे ठेवून बघू या की. अँटीव्हायरस असू शकतो, प्रत्येक सेव्हला एक्सेल त्याच फोल्डरमध्ये आधी एक तात्पुरती फाईल लिहितं, मग जुनी काढून तिला मूळ नाव देतं, आणि स्कॅनर या प्रत्येक पायरीला नाक खुपसतो. पण काढून टाकायचा नसतो. पॅकहाऊसला मेलवर दहा लोकांच्या एक्सेल येतात, त्यातली एक मॅक्रोवाली (आत प्रोग्रॅम असलेली) उघडली तर सीझन जाईल. संशय असेल तर इंटरनेट काढून पाच मिनिटं पॉज करायचा, बघायचं, परत चालू.

त्याआधी फुकटची टेस्ट. ताई, वजनकाट्याच्या पीसीवरून कोरी फाईल त्याच शेअरवर सेव्ह करा. किती लागतं?

द्राक्षपेटी
लगेच होते! त्या खटाऱ्यावर पण लगेच. त्याला तर ४ जीबीच रॅम आहे.

अंबडचा_हार्डवेअरवाला
झालं, मग अकाउंटचा पीसी, त्याची डिस्क, तिथला अँटीव्हायरस, शेअर फोल्डर, नेटवर्कचा स्विच (सगळ्या पीसींच्या केबल जिथे जोडतात तो डबा) सगळे संशयातून सुटले. राहिलं काय, तुमचा पीसी आणि तुमच्या टेबलापासून स्विचपर्यंतची वायर.

स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करा, काळी खिडकी येईल, त्यात पिंग, स्पेस, अकाउंटच्या पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा नंबर), स्पेस, मायनस टी. एंटर. चालू ठेवून काम करा. रिप्लाय रिप्लाय येत राहायला पाहिजे, सगळ्याला एक मिलिसेकंदाच्या आत. मधूनच रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर वायर. बंद करायला कंट्रोल सी. आणि नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटवर डबल क्लिक करून स्पीड किती लिहिलाय तो बघा.

द्राक्षपेटी
टाइम्ड आउट येतंय, बरंच. स्पीड १०० एमबीपीएस. वजनकाट्याच्या पीसीवर १ जीबीपीएस लिहिलंय. पण १०० पण कमी नाही ना? फाईल तर ९०० केबीच आहे आता.

अंबडचा_हार्डवेअरवाला
१०० वर पण सेकंदाला ११-१२ एमबी जातात, तुमची फाईल पापणी लवायच्या आत जायला पाहिजे. वेग हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की सेव्ह म्हणजे एकदाच ढकलणं नसतं, दोन्ही मशीन सारखे विचारत असतात, फाईल उघडली का, कुलूप लावलं का, लिहिलं का, नाव बदललं का, अशा पुष्कळ छोट्या छोट्या फेऱ्या. त्यातली एक फेरी हरवली की समोरचा वाट बघतो, मग परत पाठवतो, परत हरवली की आणखी जास्त वाट बघतो. म्हणून कोऱ्या फाईलला पण १५ सेकंद आणि कधी १० कधी २०.

आणि १०० कशाने ते पण सांगतो. केबलमध्ये ८ तारा, ४ जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. दोन्ही पीसी एकाच स्विचवर, कार्ड दोघांचं गिगाबिट, आणि एकच १०० वर उतरला तर एखादी तार तुटलीय किंवा क्लिप ढिली आहे. केबल कुठून कुठून जाते ते चालत जाऊन बघा.

द्राक्षपेटी
बघितलं. माझ्या टेबलामागून निघून सॉर्टिंग हॉलच्या दाराच्या उंबऱ्याजवळून जाते, जमिनीवरूनच, वर नुसती टेप मारलीय. आणि त्याच दारातून क्रेटची ट्रॉली जाते, दिवसभर. टेप उचलली तर केबल तिथे चपटी झालीय पापडासारखी आणि वरचं निळं फाटून आतली नारिंगी तार दिसतेय. फोटो काढून मालकांना पाठवला.

सातपूरचा_सीएनसी
घ्या. आणि विंडोज टाकणार होते.

अंबडचा_हार्डवेअरवाला
कापून जोडत बसू नका, पूर्ण नवीन टाका, कॅट ६, दारावरून वर चढवून पट्टीतून न्या. प्री-कूलिंगच्या थ्री फेजच्या केबलला चिकटवून समांतर नेऊ नका, हातभर तरी लांब ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात. दोन्ही टोकांना क्लिप क्रिंप केल्यावर (दाबून बसवल्यावर) टेस्टर लावायला सांगा, आठही दिवे लागले पाहिजेत. तो नाही म्हणाला तर दुसरा माणूस बोलवा.

द्राक्षपेटी
आज टाकली. १ जीबीपीएस दिसतंय, पिंगला एकही टाइम्ड आउट नाही, शेअरवर सेव्ह दोन सेकंदाच्या आत. सुपरवायझर म्हणतो ताई चलन इतक्यात? सगळ्यांना मनापासून थँक्यू, हार्डवेअरवाले दादा, पॅकहाऊसला आलात तर एक पेटी थॉमसन तुमची.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, पोर्टलवरून यादी तर घ्यावीच लागते, ती कशी घ्यायची. दोन, नवीन फाईलमध्ये लोगो आला नाही आणि मालकांना चलनावर लोगो पाहिजे.

कॉलेजरोड_अड्डा
आणि फाईल एक्सएलएसबी केली तर? ती बायनरी असते, सेव्ह अजून फास्ट होते असं ऐकलंय.

एक्सेलताई_इंदिरानगर
होते फास्ट, मोठ्या डेटाला खरंच फरक पडतो. पण ९०० केबीच्या फाईलला काही गरज नाही, आणि बाहेरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना एक्सएलएसबी वाचता येत नाही, सीएला पाठवली की फोन येणार. राहू द्या.

ताई, यादीसाठी पोर्टलवर एक्सेल किंवा सीएसव्ही डाउनलोडचं बटण असेल तर तेच वापरा. नसेल तर कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये टेक्स्ट निवडा, आयकॉन, लिंक, रंग काहीच येत नाही. काट्यावरच्या मुलाला कॉपी पेस्ट सोडवा, शेतकऱ्यांची यादी वेगळ्या शीटवर ठेवा आणि नावाच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशनमधून लिस्ट लावा, तो नुसतं निवडेल. तो अॅडव्हान्स्डमधला टिक पण त्याच्या पीसीवर काढून ठेवा, ती सेटिंग मशीनवर असते, फाईलबरोबर जात नाही.

लोगो सेलवर ठेवूच नका. चलनाच्या शीटवर पेज लेआउट व्ह्यूमध्ये जा, वर हेडरवर क्लिक केलं की हेडर अँड फूटर टॅब येतो, त्यात पिक्चर. साईझ शेजारच्या फॉरमॅट पिक्चरमधून. छापताना येतो, ओळींबरोबर कॉपी होत नाही.

द्राक्षपेटी
हेडरमध्ये टाकला, छापून बघितला, व्यवस्थित येतोय. डेटा व्हॅलिडेशन रविवारी करते, नाव निवडलं की शेजारी प्लॉट नंबर आपोआप यायला पाहिजे असेल तर व्हीलुकअपच ना?

एक्सेलताई_इंदिरानगर
हो, पण शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर भलत्याच शेतकऱ्याचा प्लॉट येईल. आणि एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन प्लॉट असतात तुमच्याकडे, व्हीलुकअप पहिलाच उचलतो, म्हणून यादी प्लॉट नंबरवर लावा आणि नाव शेजारी आणा.

द्राक्षपेटी
बरं झालं सांगितलंत, तिघांचे तसे आहेत. प्लॉट नंबरवरच करते.